कंबरेचं निमित्त

प्रिय पिटुकले,

दुपार कलतेय. पडद्यातून आलेलं ऊन फरशीवर हलतंय, आणि परवा तू फोनवर म्हणालीस तेच माझ्या कानात घोळतंय: “ताई, त्यांना मी नकोशी झालेय. मी लेकाकडे निघून जाते, कायमची.” बॅग भरायला घेतली असशील तर जरा थांब. माझं ऐकून घे, मग हवं ते कर. मी मधे पडणार नाही. (थाप मारतेय. पडणारच.)

आमच्या ह्यांचं दुखणं तुला ‘कंबर’ म्हणूनच ठाऊक आहे. सगळ्यांनाच तसं ठाऊक आहे. आधी हे भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले, मग उशी घेऊन बाहेरच्या सोफ्यावर गेले. शेवटी डॉक्टरकडे गेले, तर तिथे तोंडातून खरा शब्द फुटेना. म्हणाले, “कंबर.” झालं! कंबरेला पट्टा मिळाला, शेक मिळाला, पायाला वजनं टांगून ताणणंही झालं. माझी तरी कुठे जीभ वळत होती? आपल्या कॉन्व्हेंटात सिस्टरनी शरीरशास्त्रातल्या त्या धड्याची पानं डिंकाने चिकटवून ठेवली होती, आठवतं ना? मधे एकदा ह्यांनी जाहिरात बघून कसलंसं तेल मागवलं. मी ते दाराच्या बिजागऱ्यांना घातलं. गुण आला, दार कुरकुरायचं थांबलं.

मग एक दिवस मीच ह्यांच्याबरोबर आत गेले आणि आमच्या डॉक्टरांना सरळ सांगितलं, कंबर ठणठणीत आहे, दुसरंच काही होत नाहीये. तो शहाणा हसला. “काकू, आता या वयात काय करायचंय? नातवंडांत रमा.” असा संताप आला! म्हटलं, मी रिटायर झाले ती नोकरीतून, संसारातून नव्हे. तुम्ही आमच्या वयाचे झालात की हेच ऐकवायला येईन, तोवर एखाद्या धड डॉक्टरचं नाव द्या.

ती धड डॉक्टर म्हणजे रक्तवाहिन्यांची सर्जन, आपल्या लेकींच्या वयाची. तिने पहिला प्रश्न विचारला तो चालण्याचा. तेव्हा उलगडलं, की जरा चाललं की ह्यांचा कुल्ला आणि मांडी भरून येते, उभं राहिलं की उतरते. फिरायला गेलो की हे शिलाई मशीनच्या दुकानासमोर तल्लीन होऊन उभे राहायचे. सुईत दोरा ओवता न येणारा माणूस! तिने दोन्ही जांघांत बोटं दाबून नाडी पाहिली. फार मंद लागत होती. म्हणाली, “काका, मनाचा दोष नाही, पुरुषपणाचाही नाही. ओटीपोटातल्या धमन्या अरुंद झाल्यात, खाली रक्तच पोचत नाही.”

तपासणीची खोली अंधारलेली होती. ह्यांच्या पोटावर गार जेल, आणि यंत्रातून ह्यांच्याच रक्ताचा आवाज. वर भरभरून, खाली येईल तसतसा दमलेला, लांबच्या किनाऱ्यासारखा. मी डोळे मिटले. वाटलं, आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीत मी पडलेय, खिडकी उघडी आहे, मधे कुठेतरी संथ पाणी आहे, आणि पलीकडून हा माणूस मला केव्हाचा हाका मारतोय. फक्त हाक पोचत नाहीये. डोळे उघडले तेव्हा ह्यांनी माझी करंगळी धरलेली होती.

पुढचं गद्य आहे. सिगारेट बंद. साखर ताब्यात. रक्त पातळ ठेवायच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. हृदयाचीही तपासणी झाली, कारण खालच्या नळ्या तुंबतात तेव्हा वरच्यांचाही भरवसा नसतो. मग फुग्याने धमनी रुंद करून आत स्टेंट बसवला. ‘ती’ गोळी हृदयाच्या डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. चमत्कार झाला नाही गं. कधी जमतं, कधी आम्ही हसत सुटतो. पण सोफा रिकामा झाला. आता दुपारी डोळा लागला की ह्यांच्या अंगाची ऊब मला झोपेतही कळते.

आता हे पुराण कशासाठी? तुझे यजमान सकाळपासून आमच्याकडे आहेत. जिना चढताना मधेच बुटाची लेस बांधायला वाकले, बुटाला लेस नसताना. साडूसाडू बाहेर बसून कुजबुजतायत. ह्यांच्याकडून नाव घेऊन कालच ते त्या सर्जनबाईंना भेटून आलेत, उद्या तपासणी आहे, आणि तिने बायकोला घेऊन या म्हणून बजावलंय. ते तुला सांगायची हिंमत होईना, म्हणून मला म्हणाले, “ताई, तुम्ही लिहा.” तू नकोशी झाली नाहीस, वेडाबाई. तुझ्यासमोर कमी पडायची त्यांना लाज वाटतेय. हे पत्र पोस्टाने यायचं नाही. ते स्वतः तुझ्या हातात देतील आणि तुझं वाचून होईपर्यंत दाराबाहेर उभे राहतील, तसं मी कबूल करून घेतलंय. तेव्हा आता मला फोन करत बसू नकोस. ऊठ, दार उघड.

तुझीच,
तोंडाला कुलूप नसलेली ताई