अळणी भेंडीचा डबा

ता. ९, शुक्रवार

ताई,

दोन्ही हात जोडून नमस्कार. दोन्ही हात समोर आहेत, म्हणजे पाठीमागे काही लपवलेलं नाही.

इकडे आईची कंबर दुखते, नळ गळतो, मी आहे तसाच. भाओजींच्या बुटात रबरी पाल मीच ठेवलेली, तसं त्यांना कळलंच असेल.

बाबांच्या पायांवर परत सूज आलीय. बोट दाबलं की खड्डा पडतो.

त्यांचं जेवण मी करायचो, तुला माहितीय. किडनीच्या डॉक्टरीणबाई म्हणालेल्या, भेंडी चालेल, पण थोडीच, चिरून उकळायची, पाणी ओतून द्यायचं, मीठ नाही. उकळली की तिला अशी तार सुटते की पतंग उडवावा. मग मी तव्यावर परतून लिंबू पिळायचो. मीठदाणीची भोकं आतून चिकटपट्टीने बंद केलेली. बाबा ती ताटावर हलवून म्हणायचे, "आत्ता कशी चव आली." सगळे हसलात तुम्ही. तू तर डोळे पुसत होतीस.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांना मीठ कोण देतंय?" आईने सरळ माझ्याकडे बघितलं. घरी आल्यावर म्हणाली, "बापाच्या जिवाशी पण मस्करी?"

"शप्पथ, मी नाही घातलं."

"तुझ्या शपथा मला नको सांगूस."

तू फोनवर होतीस, स्पीकरवर. तू म्हणालीस, "जाऊ दे गं आई, लहान आहे तो."

काल बाबांच्या पिशवीत पाल ठेवायला गेलो तर हाताला तुझा निळा डबा लागला. तळाशी कुरकुरीत तळलेली भेंडी. एक तोंडात टाकली, मिठाने जीभ चरचरली. बाबांना एकटं वाटू नये म्हणून मीही अळणीच खातो, हे कुणाला माहीत नाही.

बाबा दर शनिवारी नातवाला बघायला येतात, तोंड बारीक करून मागतात, तुझा जीव पाघळतो. तेवढं कळतं मला. पण आई मला बोलत होती तेव्हा तू ऐकत होतीस ना.

आणि बाबा समोरच बसलेले. स्वतःचा पाय दाबून बघत होते. एकदाही वर बघितलं नाही त्यांनी. हे लिहायचं नव्हतं.

आता स्वयंपाकघर मला बंद. आई भेंडी उकळते, पण पाणी टाकत नाही, सगळा कस वाया जातो म्हणते. तेच तर बाबांच्या किडनीला चालत नाही. मी सांगायला गेलो तर म्हणाली, "तू आता शिकवू नकोस." तेव्हा तिला खरं तूच सांग. मी बाबांचं नाव घेणार नाही.

उद्या बाबा तुझा डबा घेऊन येतील. आई दुकानात गेली तेवढ्यात केलेली भेंडी आहे, अळणी. पत्र झाकणाला आतून चिकटवलंय, त्याच चिकटपट्टीने. बाबांनी वाटेत झाकण काढून हे वाचलं असेल, तर पट्टी सुटलेली दिसेल. तसं असलं तर मला कळव.

नको. कळवू नकोस.

ज्याने मीठ घातलं नाही, तो
तुझा भाऊ