अर्धवट सोडलेला फॉर्म

प्रिय गौतमी,

'आबा मला घरात घेतील का?' हा प्रश्न तू आपल्या फार्मस्टेच्या वेबसाइटवर एकोणीस वेळा लिहिलास आणि एकोणीस वेळा खोडलास. मी सगळे वाचले.

हिंजवडीत माझं कामच ते. साइटवर कुणी काय उघडलं, कुठं क्लिक केलं, कुठून माघारी गेलं, याची एकेक नोंद क्लाउडवरच्या डेटा वेअरहाउसमध्ये पाठवायची. मालेच्या आपल्या फार्मस्टेच्या साइटलाही मी तेच जोडलं. बुकिंगचा फॉर्म लोक कुठं अर्धवट सोडतात ते कळावं, एवढाच हेतू. पण माझ्याकडून चूक झाली. रकान्यात लिहिलेला मजकूरही 'पाठवा' न दाबताच तिकडं जायला लागला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. कोडच्या दोन ओळी बदलल्या असत्या तर थांबलं असतं. तेवढ्यात तुझी ओळ दिसली, 'आबा, मी गौतमी.' म्हटलं, राहू दे.

तू निषादबरोबर गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी माझा साखरपुडा होता. पिंकीच्या वडिलांनी नारळ परत पाठवून सोयरीक मोडली. तुझ्यावरचा आबांचा राग आठ महिन्यांत विरघळला. माझं काय झालं ते त्यांनी एकदाही विचारलं नाही. उलट म्हणाले, "माजा फोटू टाक त्या साइटीवर. पोरगी बघंल." मी टाकला. मग दर रविवारी तेच, "आली व्हती का रं गौतमी?" त्याच सकाळी तू त्या फोटोवर चाळीस मिनिटं थांबलेली असायचीस. मी सांगायचो, "न्हाई आबा." त्यांच्या फोनवर तुझा नंबरही मीच ब्लॉक केला होता.

आबा गेले, गौतमी. महिना होईल आता. भावकीला सांगितलं, तिला कळवलंय, येत नाही म्हणाली. दहाव्याला दोन तास कावळा शिवेना. धोंडाआत्या रडून सांगत होती, "कैलास, गौतमीला आणतो म्हन, लगीच शिवंल." माझी जीभ उचलली नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तेवढ्यापुरता मी हरलो, हे मान्य करतो.

हे सगळं मी तुला कधीच कळवलं नसतं. पण काल तू पहिल्यांदाच 'पाठवा' दाबलंस. फॉर्म पत्ता मागतो म्हणून भूगावच्या फ्लॅटचा पत्ताही भरलास. 'आबा, रविवारी येतेय. तुमच्या नातीला तुमच्या मांडीवर द्यायचंय.' म्हणून लिहितोय, की येऊ नकोस. साइटवर आबांचा फोटो तसाच ठेवलाय. पोरीला तो तिथंच दाखव. दाखवलास की मला कळेल.

तुझाच दादा,
कैलास