तांडेलची उडी

रवि. २ मे २००४
दुपारी सोसायटीच्या मीटिंग रूममध्ये आम्ही तिघं. दोन वर्षं झाली, पंखा तसाच खडखडतोय. खेळातली गोष्ट मी सांगते, म्हणजे राक्षस माझे, नियम माझे. हरेश आणि बिपीन लढणारे. वीस बाजूंचा फासा भाईंदरात कुठे मिळणार? म्हणून पिशवीत हाऊजीची १ ते २० टोकनं. एक काढायचं, नंबर मोठा आला की जमलं.

आज ह.चा तांडेल, म्हणजे खेळातला त्याचा होडीवाला वीर, बुरुजावर अडकला, समोर पंखवाला राक्षस. ह. म्हणे, "ह्याच्यावर पाग फेकतो, आणि दोरी धरून बुरुजावरनं उडी!" नियमांचं झेरॉक्स पुस्तक तीनदा चाळलं. भाला आहे, गदा आहे, मासे धरायचं जाळं कुठाय?

बि. म्हणाला, "बुक में नहीं है तो नहीं है, यार."

मी म्हटलं, "वीस आलं तरच. नाहीतर तांडेल मेला." टोकन न काढताच ह. उठून गेला.

मंगळ. ४ मे
खरं कारण लिहूनच टाकते. खेळाच्या आधी ह.ने सहज सांगितलं, जहाजावर नोकरी लागली, १७ला निघतो. सहज! दोन वर्षं दर रविवारी समोर बसतो, आणि मला बि.च्या बरोबरीने कळतं. त्याचा राग तांडेलवर काढला. वीस कसलं, डोंबल.

शनि. ८ मे
उत्तनला गेले, ह.च्या गावी. ह.चाच फोन, "ये, दाखवतो तुला." त्याचे बाबा खडकावर होते. पाग माझ्या हातात दिला. फेकला तर पिळलेल्या चादरीसारखा पडला.

"पोरी, हातानी न्हाय, कमरेनी फेकायचा हाय," बाबा म्हणाले. पोट धरून हसत होते.

मग ह.ने फेकला. हवेत पूर्ण गोल उघडला. इतका वेळ बघतच राहिले, पाण्यात गेला तरी.

"सातवीपासून फेकतोय. मला वीस लागतं का?"

परतताना बसमध्ये पुस्तकात पेन्सिलीने लिहिलं: माणूस रोज करतो ते लढाईतही जमतं, टोकन नको. उडी मात्र कुणी रोज मारत नाही. उडीला १२ किंवा वर. अक्षर पार हललंय.

रवि. १६ मे
शेवटचा खेळ. बि. फाफडा घेऊन, तोंड पाडून. पाग बसला राक्षसावर, बि. टेबलावर चढून नाचला. मग उडी. ह.ने पिशवीत हात घातला, टोकन काढलं, एकट्यानेच बघितलं, मूठ मिटली.

"दाखव."

"न्हाय." घरची बोली आमच्यात कधी बोलत नाही. "आल्यावर दाखवतो. तोवर तांडेल हवेत हाय."

"ये चीटिंग है!" बि. ओरडला. मी हसत होते. घरी आल्यावर रडू आलं, थांबेचना.

सोम. १७ मे
ह. गेला.

बि. म्हणतो, "पिशवीत बघ ना, कौनसा नंबर गायब आहे, कळून जाईल." हो की. एवढं सोपं. पिशवीला गच्च गाठ मारली.

गुरु. ५ नोव्हें. २००९
मीरा रोडच्या नव्या घरात सामान लावतेय. डब्यातून पिशवी निघाली, गाठीसकट. पुस्तकही. किती किती आठवलं. ती खडखड, फाफड्याच्या तेलाचे डाग पानांवर, राक्षस पडला की आमचा आरडाओरडा. ह.ची पत्रं वर्षभर आली, मग नाही. मीही लिहिलं नाही.

शुक्र. ६ नोव्हें.
काय योग! बि.कडून नंबर घेऊन ह.चा फोन. उत्तनला आलाय.

"तांडेल हाय ना अजून हवेत?"

"आहे."

"रविवारी येऊ? टोकन पाकिटातच हाय."

"किती आहे रे?"

"तू उडीला किती ठेवलंयस, तेच ना अजून?" एवढंच म्हणाला. आवाज पडला होता का? मला तसं वाटलं.

शनि. ७ नोव्हें.
पिशवी सोडलेली नाही. पुस्तक उघडून बसलेय. पेन्सिलीतला १२ अजून स्पष्ट आहे. वीसवरून बारावर मीच आणला होता, आणखी खाली आणायला कोणाला विचारायचंय? नियम माझे. सगळे खोके उपसून झाले, खोडरबर कुठे ठेवलाय देव जाणे.