फोनले मान दिसत नाही

अजी,

माझी बहीण जिजा अंगणात पडली, पाय मोडला. काटोलहून निरोप आला म्हणून तुम्ही ड्यूटीवरून यायच्या आधीच मी निघाली. महिना तरी लागन.

फोनच्या कुलपाची चावी डाळीच्या डब्यामागं आहे. नंबर फिरवताना चकती बोटानं मागं ढकलू नका, तिची तिले येऊ द्या. आवाज खरखरला तर वायर जराशी हलवून पाहा.

दर सोमवारी सकाळी दहाले मी तिथल्या पोस्टातून ट्रंककॉल लावीन. तीनच मिनिटं भेटतात. मागं राखीच्या सणाले तिथून लावला होता, तर मी "जेवले काय, जेवले काय" ओरडून राहिली होती, पोस्टातले लोक हसून राहिले होते, अन् तुमचा आवाजच नाही. मले वाटलं लाइन कटली. तुम्ही रिसीव्हर धरून नुसती मान हलवत होते, हे घरी आल्यावर शेजारच्या मैनाबाईनं सांगतलं.

घरात तीस वर्षं तुमची मान पाहूनच सारं समजून घेतलं. काटोलहून ते जमत नाही. जेवले नसान तरी चालन, पण तोंडानं "हो" म्हणा.

भागीरथा