माळवदाची माती आणि हलकी खोली

बाबा, तुम्ही बांधलेल्या खोलीशेजारी अंगणवाडीची नवी खोली उभी राहिली आहे. दगड नाही, वीट नाही. यंत्रातून वाकवून आणलेल्या पातळ पोलादी पट्ट्या स्क्रूने एकमेकींना जोडल्या, त्यावर बोर्ड ठोकले, वर पत्रा टाकला, आणि पंधरवड्यात खोली तयार. भिंतीवर टिचकी मारली तर डब्यासारखी वाजते. तुमच्यासारखा हाडाचा गवंडी उंबऱ्यातूनच मागे फिरला असता, आणि जाता जाता मला चार शब्द सुनावले असते ते वेगळेच.

आपल्या खोलीच्या भिंती दगडमातीच्या, चांगल्या हातभर रुंद, आणि वर माळवद, म्हणजे सरांवर, आडव्या लाकडी तुळयांवर, मातीचा जाड थर. ते गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात तुम्ही त्यावर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर चढवायचात. मी दहा वर्षांची आहे, डोक्यावर टोपली घेऊन शिडी चढते आहे, आणि तुम्ही वरून ओरडता, "काहून गं, अर्धीच टोपली? घर काय दुसऱ्याचं हाय? जा, पुरी भरून आण." मी रडत खाली उतरते. पुढच्या बाजारी तुम्ही कुरुंद्याहून माझ्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्यात. चुकलो असं म्हणणं तुम्हाला कधी जमलंच नाही. तुम्ही गेल्यावर त्याच खोलीत अंगणवाडी भरू लागली आणि मी तिथली ताई झाले.

आता नवी खोली बांधून घेणाऱ्या इंजिनिअर बाई म्हणतात, ती मातीच घातकी. "ताई, जमीन हालली की घराला त्याच्या वजनाच्या हिशेबानं झटका बसतो. ही नवी खोली हलकी हाय. तिरप्या पट्ट्या ताण घेतील, स्क्रू कुरकुरतील, पण लेकराच्या अंगावर काही पडायचं न्हाई. त्या जुन्या माळवदाखाली मातर एक दिवसबी बसवू नका." मी विचारलं, मग हलकी खोली वाऱ्यानं उडाली तर? त्यांनी खोलीच्या पायातले बोल्ट दाखवले. मी मान डोलावली. लेकरांच्या आयांनाही तेच पढवलं, पोपटासारखं. माझ्या डोक्यात मात्र गोंधळच. जे भरभक्कम तेच मारणार आणि जे वाजतं तेच वाचवणार, हे पटवून घ्यायचं तरी कसं?

मग गेल्या महिन्यात सकाळी, लेकरं नव्या खोलीत खिचडी खात असताना, जमिनीतून तो आवाज आला. आपल्याकडे भूकंपाचे हादरे सुरू झाल्यापासून सगळे ओळखतात तो. पाठोपाठ धक्का. भांड्यांची फळी हलवावी तशी सगळी खोली खडखडली. मी सतराच्या सतरा लेकरं उठवली आणि नेली कुठे, तर तुमच्या खोलीत. वर दारही लोटून घेतलं. सरांमधून भुरभुर माती पडली. एक पोरगी केस झटकत म्हणाली, "ताई, माती पडून राहिली." तेव्हा कुठे माझे डोळे उघडले आणि मी सगळ्यांना अंगणात काढलं.

कुणाला खरचटलंही नाही. नव्या खोलीत दोन स्क्रू ढिले झाले होते. तुमच्या भिंतीच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी भेग पडली होती. इंजिनिअर बाईंनी विचारलं, लेकरं कुठं नेली? मी म्हटलं, अंगणात. पण लेकरांनी घरी खरं ते सांगितलंच. आता आया म्हणतात, "ताई सोता धावली ना जुन्या खोलीत? मग आमची लेकरंबी तिथंच बसवा. पत्र्याच्या डब्यात न्हाई पाठवणार." उद्या त्यासाठीच सभा आहे. माझ्या एका चुकीनं सतरा लेकरं पुन्हा त्या ओझ्याखाली जाऊन बसणार. मला उभं राहून सांगावं लागेल, की माझ्या बापाचं माळवद जीव घेईल, ते उतरवा. ते मी सांगणार आहे, बाबा. पटलं म्हणून नाही. भेग डोळ्यांनी बघितली म्हणून.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. तुमच्या कामाला नाव ठेवलेलं तुम्हाला कुठे खपायचं? सभेत मी म्हणेन, घाबरले आणि चूक झाली. ती थाप आहे. नव्या खोलीतून निघताना मी घाबरले होते हे खरं. पण तुमच्या खोलीचं दार लोटलं तेव्हा, वरून माती पडत असतानासुद्धा, मला अगदी बिनघोर वाटत होतं.