कोब्याला किती वर्षं?

मिरजगाव,
रविवार, दुपार

प्रिय मनवा,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. घरात फोन असताना म्हातारा पत्र का लिहितोय, असं सुहासराव विचारतील. त्यांना सांग, फोनवर तुझे बाबा दोनच वाक्यं बोलतात, ‘जेवलो’ आणि ‘तू जेवलीस का’. तिसरं वाक्य सुचायच्या आत तुझ्या ऑफिसचा दुसरा फोन येतो आणि खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं होतं. गेल्या महिन्यात तू म्हणालीस, पनीरची शेड शेजारच्या श्रीमंतला देऊन टाका, हैदराबादला आमच्याकडे या, हो की नाही ते दिवाळीच्या आत सांगा. मी ‘बघू’ म्हणालो. तेव्हापासून बघतोच आहे. आज उत्तर लिहायला बसलोय, पण थोडा धीर धर. वर्गातसुद्धा मी फळाभर रीत लिहायचो आणि उत्तरापाशी आलो की तास संपायचा.

तर आधी जमिनीचं सांगतो. आपल्या पनीरच्या शेडमधला कोबा तुझ्या आईने स्वतः उभं राहून घालून घेतला होता. तू तेव्हा कॉलेजात होतीस. गवंड्याने तो असा घोटला होता की ती म्हणाली, यावर पोळ्या लाटाव्यात. पण पनीर काढल्यावर उरतं ते आंबूस पाणी रोज त्यावर सांडतं, वरून धुवायचं कढत पाणी. आंबट पदार्थ सिमेंट खातो, हे मी मिरजगावच्या पोरांना जन्मभर शिकवलं आणि ते कसं खातो हे आमच्या कोब्याने मला दाखवलं. वरचं सिमेंट गेलं, खालची खडी दात विचकून बसली आहे. खळग्यांत पाणी साचतं, वास मारतं. मध्यंतरी तपासणीला एक बाई आल्या होत्या. पनीर खाऊन छान म्हणाल्या, आणि मग तितक्याच गोड आवाजात म्हणाल्या, काका, जमीन अशीच राहिली तर पुढच्या वर्षी परवाना मिळणार नाही. हे बांधापलीकडच्या श्रीमंतला कसं कळलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. “सर, माज्या कांद्याला खड्डं चालत्यात. कशाला जिवाला घोर लावून घेता? द्या मला शेड.” त्याचं म्हणणं चूक नाही. शेड विकायची तर कोब्याला हातही लावायला नको, आणि ठेवायची तर आधी तोच धड करायला हवा. तुझ्या प्रश्नापासून मी लांब पळत होतो, तो असा शेडमध्येच येऊन उभा राहिला.

नगरला शमुवेल म्हणून एक जण अशा जमिनींना कोटिंग करतो. त्याला बोलावलं. त्याने ओट्यावर तळहाताएवढे नमुने मांडले. एक औषध पाण्यासारखं पातळ, कोबा ते पिऊन घट्ट होतो, धूळ उठत नाही. पण आंबट पाण्यापुढे त्याचं काही चालत नाही, म्हणून ते बाद. दुसरं इपॉक्सी. काय त्याची चकाकी! त्याने मला सुप्याला एका कारखान्यात नेऊन ती जमीन दाखवली. माझी टोपी वाकडी बसली आहे हे मला त्या जमिनीत दिसलं. मी तिथेच भाळलो. तिसरं पीयू काँक्रीट, चांगला जाड थर, रंग विटेसारखा, दिसायला अगदी गबाळं. मी इपॉक्सीच घ्यायला निघालो होतो, पण मास्तरकी आडवी आली. दोन्ही नमुने मागच्या मोरीवर ठेवले आणि रोज पनीरचं गरम पाणी त्यांच्यावर ओतत राहिलो. थोड्याच दिवसांत इपॉक्सीची चकाकी उतरली, कडेने ते सुटायला लागलं. विटकरी तुकडा जसाच्या तसा. पनीर काढायला येणारी आपली रंगुबाई कढई घासता घासता हा माझा प्रयोग बघत होती. म्हणाली, “चकाकी बगून सून आनली की आसंच हुतं बगा, सर.” तिच्या सुनेने हे ऐकलं नाही हे बरं.

मग शमुवेलने साधाच प्रश्न विचारला. सर, किती वर्षं टिकायला हवी? थोडक्यात निभवायचं असेल तर पातळ थर करू, पाचेक वर्षं जातील. जाड केला तर वीस वर्षं बघायला नको. मनवा, किती वर्षं हवीत हे मला कुणी विचारल्याला फार दिवस झाले होते. डॉक्टर विचारत नाहीत, ते गोळ्या लिहून देतात. मी नुसताच नमुने उलटेपालटे करत राहिलो तसं त्या भल्या माणसाला वाटलं, सरांची पैशांची अडचण दिसते. तो आणखीच गोड बोलायला लागला.

त्यात एक भानगड निघाली. शेडचा पुढचा अर्धा भाग मोकळा करून काम मागच्या भागात ढकललं होतं. पुढचा कोबा चांगला सुकला की नाही हे बघायला शमुवेलने दाराजवळ प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बसवला. दुसऱ्या दिवशी बघतो तर कागदाखाली दंव पडल्यासारखे थेंब. पुन्हा लावला, पुन्हा थेंब. शमुवेल म्हणाला, जमिनीखालून ओल येते आहे, यावर काहीही लावलं तरी फुगे धरणार, सगळा कोबा उकरावा लागेल. श्रीमंतने लगेच शोध लावला की त्याच्या आज्याच्या काळी इथून ओढा वाहत होता. “पान्याची जागा हाय ती, सर, पानी येनारच.” त्या संध्याकाळी मी तुझा नंबर काढून बसलो होतो. विकून टाकतो, एवढंच म्हणायचं होतं. तू उचलला नाहीस, कामात असशील. नंतर तू केलास तेव्हा मी ‘जेवलो’ म्हणालो.

त्याच आठवड्यात मला ताप आला. हे तुला सांगितलं नव्हतं, आता रागावून उपयोग नाही. सकाळी आडव्या आडव्या दुधाच्या किटल्यांचा आवाज ऐकायचा, रंगुबाईने ठेवलेला काढा प्यायचा आणि कूस बदलायची. ताप उतरल्यावर भिंतीला धरत धरत शेडपर्यंत गेलो. कागदाखाली कोरडं ठणठणीत! मला वाटलं तापच अजून डोक्यात आहे. उंबऱ्यावर टेकलो आणि समोर अंगण बघितल्यावर उलगडलं. मी उठलो नव्हतो, म्हणून सडा पडला नव्हता.

तुझी आई पहिली किटली यायच्या आत शेडच्या दारात सडा घालून रांगोळी काढायची, हे तुला माहीत आहे. ती गेल्यावर काही दिवस ते दार कोरडंच राहिलं. मला ते बघवेना, म्हणून मीच घालायला लागलो. ती तांब्यातून ओंजळीने शिंपायची. मी आपला बादली उचलून भिरकावतो, दारावर एक, उंबऱ्यावर एक. रंगुबाईने कितीदा टोकलं, “सर, ह्यो सडा न्हाई, पाट सोडलाय तुमी.” उंबऱ्याखाली भेग आहे. माझं पाणी रोज तिच्यातून आत, कोब्याच्या खाली. ओढा बिढा काही नाही, आज्याचा ओढा म्हणजे मीच. शमुवेलला सांगितलं तर तो हसून हसून खाली बसला. मीही हसलो, किती दिवसांनी. मग घरात गेलो आणि रडलो. तिचं एक काम तेवढं मी हातात धरून होतो, आणि तेही मला नीट जमलेलं नव्हतं. आता भेग बुजवली आहे, ओल आटली आहे. सडा मी दारापासून लांब, लिंबाच्या बाजूला घालतो, ओंजळीने. रांगोळी मात्र अजून कावळा नाचून गेल्यासारखीच येते.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. गेल्या उन्हाळ्यात तुमच्याकडे होतो तेव्हा तुम्ही माझं काय कमी केलंत? काहीच नाही. वेगळी खोली, सुहासराव ऑफिसातून येताना माझ्यासाठी केळी आणायचे. पण तुम्ही दोघं सकाळी गेलात की अकराव्या मजल्यावर मी आणि फ्रिजचा आवाज. संध्याकाळी लिफ्ट वाजली की मी दारापाशी जायचो, ती शेजाऱ्यांकडे थांबायची, मी परत खुर्चीत. इथेही मी एकटाच आहे, ते लपवत नाही. दुपारी रंगुबाई गेली की दुसऱ्या दिवसाच्या किटल्यांपर्यंत मला हाक मारणारं कुणी नसतं. भाजी एकाच्या मापाने करायला मला अजून येत नाही, उरते, तीच रात्री खातो. कधी कधी श्रीमंत शेड मागायला आला तरी बरं वाटतं, चहा तरी दोन कप होतो. पण सकाळ झाली की दार वाजतं, “सर, दूध आनलंय” म्हणून कुणीतरी ओरडतं, आणि मला उठावंच लागतं. तेवढ्यासाठी मी इथेच राहणार आहे. शमुवेलला जाड थर सांगितला. वीस वर्षं मी काही पुरणार नाही, तो कोबा पुरेल. माझ्यामागे रंगुबाई त्यावर पनीर काढेल किंवा श्रीमंत कांदा भरेल. त्यांचं ते बघतील.

आणि आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते. उद्याच्या नाही, पुढच्या सोमवारी कोटिंग सुरू होतंय. ते झाल्यावर पुरता आठवडा त्यावर आंबट थेंब पडू द्यायचा नाही, म्हणजे पनीर बंद. दूध दुसऱ्या डेअरीला जाईल. रंगुबाई लेकीकडे चालली आहे, तिने पिशवीसुद्धा भरून ठेवली. शमुवेल काम संपवून नगरला जाईल. तुझी आई गेल्यापासून पहिल्यांदाच मी इथे असताना सकाळी दार वाजणार नाही, आणि मनवा, मला त्या आठवड्याची भीती वाटते. सगळ्यांना सांगितलंय की तेवढीच विश्रांती होईल. फोनवर तुलाही तेच सांगितलं असतं आणि तू ‘बरं झालं, बाबा’ म्हणून ठेवला असतास. म्हणून लिहिलं. रजा मिळत असेल तर ये. मला न्यायला नको येऊस, राहायला ये.

तुझाच,
बाबा