शहाण्या पाच जणी

रविवार, संध्याकाळ

आज प्रार्थनेत बायबलमधला, रात्री दिवे घेऊन नवरदेवाची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा दाखला सांगितला. तेल राखून ठेवणाऱ्या, मागितलं तरी न देणाऱ्या पाच शहाण्या जणी म्हणजे विश्वासी, दिवे विझत आलेल्या पाच जणी म्हणजे गाफील. मैनाबाई उठून म्हणाली, "पास्टरभाऊ, तेल असून देल्लं नाई, मंग त्या शहाण्या कशा? आमच्या गावात दिव्याले तेल मागतलं तं कोनी नाई म्हनत नाई."

विश्वास उसना देता येत नाही, असं काहीतरी बोललो. पण ते तेल डोक्यातून जाईना.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत तापलेल्या नातीला अहेरीच्या दवाखान्यात न्यायला मैनाबाई माझ्याकडे पेट्रोल मागायला आली होती. गाडीत होतं. रविवारच्या प्रार्थनेला जायला राखलं होतं, म्हणून नाही म्हणालो. नात गेली.

आज तिनं तेलाचंच विचारलं. पेट्रोलचं अजून एकदाही नाही.